वर्गात दिव्यांग लेकरू आहे, मग उद्यापासून नेमकं काय करायचं? (पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी)

पहिली ते चौथीत एखादं दिव्यांग लेकरू आलं की बहुतेक शाळांत ठरलेला क्रम असतो. नाव यू-डायसला (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीला) चढतं, गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना फोन जातो आणि मग सगळे वाट बघत बसतात, प्रमाणपत्र येऊ द्या, साहित्य येऊ द्या, ते विशेष शिक्षक येऊ द्या मग बघू. त्या बिचाऱ्यांकडे इतक्या शाळा असतात की ते आले तरी तास-दोन तास बसणार आणि पुढच्या गावाला निघणार. बाकीचे सगळे दिवस लेकरू तुमच्याच वर्गात असतं. त्यामुळं हे वर्गशिक्षकांसाठी लिहितेय, त्यातही झेडपीच्या दोनशिक्षकी शाळेवरच्या, जिथं एका खोलीत दोन-दोन इयत्ता बसतात आणि वर पत्रा असतो. कागद होईपर्यंत थांबायचं नाही एवढं डोक्यात ठेवून वाचा.

आधी आठ-दहा दिवस नुसतं बघा आणि लिहून ठेवा

एक साधी वही करा. त्यात "लक्ष देत नाही", "कच्चा आहे" असलं लिहू नका, ते डॉक्टरच्याही कामाचं नाही आणि तुमच्याही. काय बघितलं ते लिहा. "मागून तीनदा हाक मारली, वळला नाही. समोरून एकदा मारली, लगेच आला." हे एक वाक्य कानाच्या डॉक्टरला सगळं सांगतं.

कानाची घरगुती परीक्षा सोपी आहे. लेकरापुढं तीन-चार चित्रं ठेवा, छत्री, बैल, केळं, घर. तोंडासमोर वही धरा म्हणजे ओठ दिसणार नाहीत, नेहमीच्या आवाजात एकेक नाव घ्या आणि बोट ठेवायला सांगा. नंतर वही काढून तेच करा. वही काढल्यावर बरोबर यायला लागलं तर समजा लेकरू ओठ बघून चालवतंय. कान फुटतो का, पाणी येतं का तेही बघा, आपल्याकडं ते फार अंगवळणी पडलंय, पण वारंवार फुटणाऱ्या कानानं ऐकणं कमी होतं. डोळ्यांचं म्हणाल तर पुस्तक नाकाला लावणं, मान तिरकी करून बघणं, फळ्याजवळ उठून जाणं, उन्हातून वर्गात आल्यावर चाचपडणं. बाकी एकदम दोन सूचना दिल्या (दप्तर ठेव आणि पाणी पिऊन ये) तर दोन्ही होतात का, चेंडू धरता येतो का, दुसऱ्या पोरांत खेळतं का, असं सगळं.

पहिलीतलं पोर अक्षर उलटं काढतं म्हणून लगेच डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अक्षमता) म्हणू नका, त्या वयात पुष्कळ लेकरं तसं करतात. प्रशस्त नावाचं एनसीईआरटीचं अ‍ॅप आहे, त्यातला पहिला भाग वर्गशिक्षकानंच भरायचा असतो, तो भरा. पण ती चाळणी आहे, निदान नाही, त्यावरून लेकराला नाव चिकटवायचं नाही.

घरच्यांशी बोलणं

शाळेत बोलावून, चार लोकांसमोर कधीच नाही. घरी जा, आणि आईसोबत आजीलाही बसवा कारण निर्णय बऱ्याचदा तिचाच असतो. सुरुवात तक्रारीनं करू नका, "घरी हा काय काय करतो हो?" असं विचारा आणि गप ऐका. हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "ऐकू येतंय हो मॅडम, मनावर घिना गेलंय." वाद घालू नका. चित्रांची तीच परीक्षा त्यांच्यासमोर ओट्यावर करून दाखवा, आई स्वतः बघते तेव्हा समजावून सांगायची गरज राहत नाही. देवऋषी, उतारा, अंगारा चालू असेल तर त्याच्याशी भांडायला तुम्ही गेलेला नाहीत, "ते तुमचं चालू द्या, पण एकदा संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात नाहीतर अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात दाखवून येऊ" म्हटलं की बहुतेक तयार होतात.

अजून एक, हे नाजूक आहे पण बोलायला पाहिजे. आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्नं होतात, नात्यात लग्न असेल आणि थोरल्याला जन्मतः ऐकू येत नसेल तर धाकट्याचे कान लगेच तपासायला सांगा. तपासायला बेरा नावाची टेस्ट असते, लेकरू झोपलेलं असताना होते, त्याला काही सांगावं लागत नाही. जन्मतः बहिऱ्या लेकरांना केंद्राच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं-उपकरणं देणाऱ्या) कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्रासाठी मदत मिळते ती वयाच्या पाच वर्षांपर्यंत. तुमच्या वर्गातलं निसटलं असेल, अंगणवाडीतलं निसटू नये.

कागदं, थोडक्यात

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्डासाठी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी) अर्ज ऑनलाइन होतो, सेतूवाला भरून देतो. कार्ड ४० च्या खाली पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० आणि त्याच्या वर निळं. जायच्या आधी जिल्हा रुग्णालयात विचारून घ्या की कोणत्या वारी कशाची तपासणी असते, नाहीतर मजुरी बुडवून आलेला बाप हात हलवत परत जातो आणि पुन्हा येत नाही. लहान लेकरांचं प्रमाणपत्र पुष्कळदा तात्पुरतं असतं, त्यावरची मुदत बघून ठेवा. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा जास्तीचं असेल तर एसटीत ७५ टक्के सवलत आहे, दवाखान्याच्या पुढच्या फेऱ्यांना ती कामाला येते. लेकरांची आरोग्य तपासणी करायला येणारं आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक वर्षातून एकदा येतं, त्या दिवशी नेमकं तेच लेकरू घरी राहू देऊ नका. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींना महिन्याला २०० रुपये प्रोत्साहन भत्ता हे समग्र शिक्षामधून आहे, विशेष शिक्षकांना यादी मागा आणि लेकराचं बँक खातं चालू आहे का ते आधीच बघा.

बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या शाळांनी वेळेचं गणित पक्कं ठेवायचं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कोयते निघाले की आईबाप चार-पाच महिने गावात नसतात. दवाखाना, साहित्यासाठीचं मोजमाप, सह्या, अंगठे सगळं जुलै-ऑगस्टमध्येच उरकून घ्या.

बसायची जागा: फुकटातला सगळ्यात मोठा बदल

"पुढं बसवलंय" एवढं पुरत नाही. कमी ऐकणारं लेकरू पुढं हवं, पण बरा कान वर्गाच्या आणि तुमच्या बाजूला पाहिजे, आणि खिडकी तुमच्या पाठीमागं नको, नाहीतर तुमचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ दिसत नाहीत. कमी दिसणाऱ्याला उलट खिडकीकडं पाठ हवी. फळा चकाकत असेल तर तो फळा कुणालाच नीट दिसत नाही, डबाभर काळा रंग सादिलमधून (शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशातून) आणा आणि मारून घ्या. सैरभैर होणाऱ्या लेकराला दारापासून लांब, भिंतीकडं, शेजारी शांत पोरगी.

सेरेब्रल पाल्सीवाल्या (मेंदूतल्या इजेमुळं हालचालीवर ताबा कमी असलेल्या) लेकराचे पाय लोंबकळत असतील तर त्याचा सगळा जीव तोल सांभाळण्यात जातो, लिहिणार काय. खुर्ची अशी पाहिजे की कंबर मागं टेकेल, गुडघे काटकोनात येतील आणि तळपाय टेकतील. टेकत नसतील तर खाली दोन विटा ठेवा, वरून पोतं गुंडाळा. पट्टा किती आवळायचा, कुठं आधार द्यायचा हे मात्र फिजिओथेरपिस्टला विचारूनच. रॅम्पचं तर बोलूच नये, बऱ्याच ठिकाणी तो घसरगुंडीसारखा आहे आणि खाली वाळूचा ढीग. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे माप शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहूनच काम द्या.

शिकवताना काय बदलायचं

कमी ऐकणाऱ्यासाठी पहिला नियम, फळ्याकडं तोंड करून बोलायचं नाही. लिहा, वळा, मग बोला. ओरडायचंही नाही, ओरडल्यावर ओठ वाकडे होतात आणि कानाच्या मशीनमध्ये आवाज फाटतो. (तोंडात काही चघळत शिकवणाऱ्यांनी समजून घ्यावं.) प, ब आणि म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात, म्हणून "पाय" आणि "माय" त्या लेकराला एकच वाटतं. श्रुतलेखनात असले शब्द आले की चित्र दाखवा किंवा वाक्यात बोला, आणि त्याची चूक ऐकण्याची आहे का लिहिण्याची हे वेगळं बघा. पावसाळ्यात पत्र्यावर सर सुरू झाली की त्याच्यासाठी तास संपला, तेव्हा तोंडी काही घेऊ नका, सगळ्यांनाच चित्र काढायला नाहीतर लिहायला द्या. श्रवणयंत्र असेल तर सकाळी हजेरीच्या वेळी चालू आहे का बघा, शिट्टी मारत असेल तर कानातला साचा सैल झालाय, लेकरू वाढतं तसा तो बदलावा लागतो. घामानं यंत्र खराब होतं, म्हणून सुट्टीत खेळताना कोरड्या डबीत ठेवायची सवय लावा. आणि ते बारके सेल पोरांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं, तसं झालं तर वाट न बघता थेट दवाखाना.

कमी दिसणाऱ्यासाठी फळ्यावर लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत चला. वहीच्या रेघा काळ्या स्केचपेननं ठळक करून द्या, दोन रेघांमध्ये जास्त जागा सोडा. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी फट कापा आणि ती पुस्तकावर सरकवत वाचू द्या, एका वेळी एकच ओळ दिसते. उन्हात टोपी. अजिबात न दिसणाऱ्या लेकराचं ब्रेल विशेष शिक्षक बघतील, पण बोलणं तुमचं आहे, "हे इथं ठेव, ते तिकडून आण" याचा त्याला काही उपयोग नाही, "तुझ्या उजव्या हाताला, टेबलावर" असं बोला. आणि वर्गातलं सामान हलवलं तर त्याला एकदा हात धरून फिरवून आणा.

मतिमंदत्व असलेल्या लेकराबरोबर शिक्षक सगळ्यात लवकर थकतात, कारण ध्येयच मोठं धरलेलं असतं. आराखड्यात "प्रगती करेल" लिहू नका, "दिवाळीपर्यंत पाच वस्तू मोजून देईल" लिहा. मोजायला तुराट्या उत्तम, दहाची जुडी बांधली की दशकही हातात येतो, चिंचोके निसटतात आणि तोंडात जातात. काम तोडून शिकवायचं म्हणजे काय ते ताट धुण्यावरून सांगते, कारण खिचडीनंतर ते रोज होतंच. उष्टं बादलीत टाकणं, ताटावर पाणी ओतणं, राखेनं घासणं, विसळणं, पालथं घालून ठेवणं. पहिले काही दिवस सुरुवातीचं सगळं तुम्ही किंवा एखादं मोठं पोरगं हाताला हात लावून करून घ्या आणि फक्त शेवटचं, ताट पालथं घालणं, त्याला एकट्याला करू द्या. ते जमलं की विसळणं आणि पालथं घालणं त्याचं. मग घासणं. शेवटाकडून सुरुवातीकडं गेलं की प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं आणि शाबासकीही पूर्ण झाल्यावर मिळते. हीच पद्धत चप्पल घालायला, नाव लिहायला, बटण लावायला.

वाचनात अडणारं पण बोलायला हुशार असं पोर प्रत्येक वर्गात सापडतं. ध आणि घ, भ आणि म, ब आणि व यात गडबड, काना-वेलांटी गळणं, जोडाक्षराला थांबणं. वेलांटी-मात्रांना रंग द्या, अक्षर वाळूत बोटानं काढून घ्या, एका दिवशी एकच सारखी दिसणारी जोडी घ्या, दोन्ही एकदम शिकवून गोंधळ वाढतो. त्याला अचानक उभं करून वाचायला लावू नका, उद्या कुठला परिच्छेद वाचायचाय ते आज सांगा. फळ्यावरून उतरवून घ्यायला कमी द्या, तेवढ्यात तोंडी उत्तर घ्या. याचं, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं, प्रमाणपत्र साधारण तिसरीत, आठ वर्षांच्या पुढं होतं, त्याआधी मिळालं नाही म्हणून मदत थांबवायची नाही. तोपर्यंतच्या वह्या रद्दीत घालू नका, तपासणीला त्याच लागतात.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) लेकराला दिवस कसा जाणार हे माहीत असलं की अर्ध्या गोष्टी शांत होतात. परिपाठ, मराठी, सुट्टी, गणित, जेवण, खेळ, घर अशी सात चित्रं दोरीला चिमट्यांनी लटकवा, एक काम झालं की ते चित्र त्यालाच काढून डब्यात टाकू द्या. बदल असेल, समजा उद्या तपासणीला साहेब येणार आहेत, तर आदल्या दिवशीच ते चित्र लावा. परिपाठाचा भोंगा सहन होत नसेल तर शेवटी, स्पीकरपासून लांब उभं राहू द्या, कान झाकले तर झाकू द्या. डोळ्यात बघून बोलायची जबरदस्ती नको. तेच तेच बोलत असेल तर चिडवतंय असं नाही.

हात आखडलेल्या लेकराच्या पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, वही चिकटपट्टीनं टेबलाला लावा, एवढ्यानंच ओळ सरळ यायला लागते.

फिट आणि सिकलसेल, हे सगळ्या स्टाफला माहीत पाहिजे

फिट आली की कांदा नको, चप्पल नको, दातात चमचा नको, पाणी तर नकोच. आजूबाजूची दगडं-बाकडी बाजूला करा, डोक्याखाली दप्तर, गळ्याचं बटण सैल, हातपाय दाबून धरू नका. झटके ओसरले की कुशीवर वळवा. मोबाईलमध्ये वेळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एकामागं एक यायला लागली तर १०८. शुद्धीवर आल्यावर लेकरू दमलेलं असतं, झोपू द्या, आणि बाकीच्या पोरांना दोन वाक्यांत सांगून टाका की हे लागण होणारं नाही. घरून गोळी चुकली होती का ते विचारा, बऱ्याचदा तेच निघतं.

किनवट-माहूरकडच्या शिक्षकांनी सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) ध्यानात ठेवायचा. तोही त्या २१ प्रकारांत आहे पण बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून पोराला आळशी ठरवलं जातं. त्याची पाण्याची बाटली बाकावर, लघवीला जायला कधीही परवानगी, मे काय आणि मार्च काय उन्हात कवायत नाही, थंडीत स्वेटर. हातपाय ठणकायला लागले तर ते नाटक नाही. ताप आला तर घरी पाठवून विषय संपवू नका, दवाखान्यात गेला का ते बघा.

बाकीची पोरं

लंगड्या, येडा, मुकी ही नावं गावातूनच वर्गात येतात. भाषण देऊन ती जात नाहीत. पहिल्या आठवड्यातच तुम्ही त्याला पूर्ण नावानं हाक मारा आणि एक काम त्याचं करून टाका, खडू वाटणं, घंटा, हजेरीचा तक्ता, पण खरं काम पाहिजे, दयेचं नको. मदतीला जोडीदार द्यायचा तर दर आठवड्याला बदला, एकाच पोरीच्या गळ्यात वर्षभर टाकू नका, तिचंही शिक्षण आहे. लंगडीत न धावता येणाऱ्याला नुसतं "पंच" करून बसवणं हा सोपा उपाय झाला, त्यापेक्षा चेंडू बसून लोटायचा खेळ सगळ्यांनीच खेळा.

परीक्षेचं

तोंडी उत्तर, जास्त वेळ, मोठ्या अक्षरातला पेपर, हे पहिली-चौथीला तुम्ही तुमच्या पातळीवर करू शकता. काय सवलत दिली ते आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत लिहा. पुढं दहावीला लेखनिक आणि वाढीव वेळ मागताना लहानपणापासूनच्या नोंदी दाखवता आल्या तर बरं पडतं. दुसऱ्या पोरांचे पालक "त्यालाच का?" विचारतील, त्यांना सरळ सांगा, चष्मा लागलेल्या पोराचा चष्मा परीक्षेला काढून घेत नाहीत.

आईबापासोबत साखर कारखान्याला निघालेल्या लेकराची चिठ्ठी

शक्यतो लेकराला हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीजवळ ठेवायला राजी करा, पण दिव्यांग लेकरू आई सहसा मागं ठेवत नाही आणि तिचंही बरोबरच आहे. मग जाताना एक पानी चिठ्ठी करून द्या, प्लास्टिकच्या पिशवीत, आधार आणि यूडीआयडीच्या झेरॉक्ससोबत. वर नाव, इयत्ता, शाळा. खाली चारच ओळी: काय अडचण आहे, याला कसं बोललं की समजतं, कुठपर्यंत शिकलंय, कोणती गोळी किती वाजता. तुमचा मोबाईल नंबर. चिठ्ठीचा फोटो आईच्या आणि मुकादमाच्या (ऊसतोड टोळीच्या म्होरक्याच्या) व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, कागद पावसात जातो. तिकडच्या साखर शाळेत (कारखान्यावरच्या ऊसतोड मजुरांच्या पोरांच्या शाळेत) किंवा जवळच्या झेडपी शाळेत ती चिठ्ठी दाखवायला सांगा, आणि संक्रांतीच्या आसपास एक फोन करून शाळेत जातंय का ते विचारा. चौथी पास होऊन दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या लेकरालाही हीच चिठ्ठी द्या, दाखल्याला पिन मारून.